सहाव्या रात्री सापडलेली पित्तगळती : एक प्रकरण अभ्यास

सत्तरी तालुक्यातल्या एका बागायतदार कुटुंबातील ५४ वर्षांच्या बाईंचे पित्ताशय गोव्यातील एका खासगी इस्पितळात दुर्बिणीतून काढण्यात आले. शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे पार पडली, दोन दिवसांनी त्यांना घरी पाठवण्यात आले आणि सहाव्या रात्री, रक्तदाब उतरलेला व शुद्ध हरपत चाललेली अशा अवस्थेत, १०८ च्या रुग्णवाहिकेतून त्यांना बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवावे लागले. तिथे त्यांच्या पोटातून सुमारे अडीच लिटर पित्तमिश्रित द्रव निघाला. बाई वाचल्या. काही महिन्यांनी त्यांच्या मुलाने केसपेपर, परिचारिकांच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल आणि स्वतःच्या मोबाइलवरील कॉलची यादी असे सगळे तारखेनुसार एका फायलीत लावून माझ्यापुढे ठेवले. चूक कोणाची, हे त्याने विचारले नाही. हे आधी कधी कळू शकले असते, एवढेच त्याला हवे होते, आणि पुढील विवेचन त्याच प्रश्नाला धरून आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शस्त्रक्रियेआधी आणि शस्त्रक्रियेत

सहा आठवड्यांपूर्वी बाईंना उजव्या बरगडीखाली तीव्र कळ, ताप आणि उलट्या असा त्रास झाला होता. सोनोग्राफीत पित्ताशयात अनेक खडे आणि जाड झालेली भिंत दिसली. प्रतिजैविकांनी सूज उतरवून मग शस्त्रक्रिया करायची, असे ठरले. हल्ली अशा वेळी त्याच मुक्कामात शस्त्रक्रिया उरकण्याकडे सर्जनांचा कल असतो, परंतु थांबण्याची पद्धतही सर्रास चालते आणि तिला गैर म्हणता येत नाही. थांबल्यामुळे सूज उतरते. मात्र आतले अवयव एकमेकांना चिकटतात आणि काम किचकट होते.

बाईंना उच्च रक्तदाब होता. त्यासाठी त्या गेली आठ वर्षे रोज अ‍ॅटेनोलॉलची ५० मिलिग्रॅमची गोळी घेत होत्या. भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेपूर्वी भरलेल्या कागदावर विश्रांतीतली नाडी मिनिटाला ६२ अशी लिहिलेली आहे. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आकडा कोणता, असे मला विचारले, तर मी या ६२ कडे बोट दाखवीन. तो पहिल्या पानावर होता आणि पुढच्या सहा दिवसांत त्या पानाकडे कोणी वळल्याचे फायलीत कुठेही दिसत नाही.

शस्त्रक्रियेची टिपणी पाच-सहा ओळींची आहे: पित्ताशय चिकटलेले, पित्ताशयाची नळी सुजलेली व रुंद, तिच्यावर दोन क्लिपा, रक्तस्राव किरकोळ, एकूण वेळ एक तास पन्नास मिनिटे, निचऱ्याची नळी ठेवलेली नाही. यात खटकण्यासारखे काही नाही. सरसकट प्रत्येकाच्या पोटात निचऱ्याची नळी ठेवण्याची प्रथा आता मागे पडली आहे, आणि ती ठेवली असती तर गळती लगेच दिसली असती, हे म्हणणे नंतर सुचणारे शहाणपण आहे.

या शस्त्रक्रियेची सवय किती झपाट्याने झाली, हेही ध्यानात घ्यावे लागते. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा पहिला प्रयोग १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी केला आणि १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ती भारतात आणली. आज ती तालुक्याच्या गावीही होते, आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण साधारण १००० मागे ३ ते ५ असे सांगितले जाते. पित्ताशयाच्या नळीच्या बंद केलेल्या टोकातून किंवा यकृताला चिकटलेल्या सूक्ष्म नलिकेतून होणारी गळती हा त्याहून निराळा, कमी गंभीर आणि वेळेवर ओळखला तर सहज आटोक्यात येणारा प्रकार. या बाईंच्या बाबतीत तोच घडला होता. सुजलेल्या, रुंद नळीवर क्लिप नीट घट्ट न बसणे किंवा सूज उतरल्यावर ती सैल होणे, हे अत्यंत कुशल हातांकडूनही घडते.

पहिले दोन दिवस

मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. त्या रात्री आणि बुधवारी बाईंचा उजवा खांदा दुखत होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवतात आणि त्यामुळे श्वासपटलाच्या मज्जातंतूला जी चेतना मिळते ती खांद्याच्या टोकाला वेदना म्हणून जाणवते. ड्यूटीवरच्या आरएमओंनी, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, तसे समजावले आणि ते त्या दिवसापुरते बरोबरच होते. ही वेदना बहुधा पहिल्या दिवशी जास्त असते आणि दोन-तीन दिवसांत उतरत जाते. परंतु श्वासपटलाखाली पित्त साचले तरी दुखतो तो हाच खांदा, याच मज्जातंतूमुळे. केवळ वेदनेच्या जागेवरून दोहोंत फरक करता येत नाही. ती वेदना चढते आहे की उतरते आहे, यावरूनच तो करता येतो. त्यासाठी कालची नोंद आजच्या नोंदीशेजारी ठेवून वाचावी लागते.

बुधवारी रात्रपाळीला असलेल्या सिस्टरने परिचारिकांच्या वहीत जे लिहिले आहे, त्याइतके नेमके वर्णन डॉक्टरांच्या एकाही नोंदीत नाही: "पेशंट कुशीवर वळत नाही. पाय पोटाशी घेऊन पडून आहे. पेज दिली, दोन चमचे घेऊन ठेवून दिली. खोकताना पोट हाताने धरते." पित्त जंतुविरहित असताना पोटाच्या आवरणाचा दाह सुरुवातीला मंद असतो, पोट लाकडासारखे घट्ट होत नाही, रुग्ण ओरडत नाही. तो फक्त हालचाल टाळतो आणि अन्नावरची वासना जाते. सिस्टरने पाहिले ते हेच होते. मात्र ही वही परिचारिकांच्या टेबलावर राहते आणि सकाळच्या फेरीत डॉक्टरांच्या हाती केसपेपर असतो. त्या केसपेपरवर गुरुवारी सकाळी इतकेच आहे: नाडी ९४, ताप ९९.४, रक्तदाब ११८/७६, पोट मऊ, किंचित फुगलेले, गॅसची तक्रार, डिस्चार्जला योग्य.

शुक्रवारी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होती. बाई घरातल्या थोरल्या सून, आणि गोव्यात चवथीला थोरली सून इस्पितळात हे कोणालाच सहन होण्यासारखे नव्हते, अगदी बाईंना स्वतःलाही. घरी जायचा आग्रह त्यांनीच धरला, असे मुलगा सांगतो. सर्जन आठवड्यातून ठरावीक दिवशी येणारे होते. तेही सणासाठी आपल्या गावी जाणार होते आणि मंगळवारी परतणार होते. वॉर्डमधल्या निम्म्या खाटा गुरुवारी दुपारपर्यंत रिकाम्या झाल्या. डिस्चार्जचा निर्णय वैद्यकीय होता असे कागद सांगतो. पण त्या दिवशी थांबायचे म्हणून थांबवणारे कोणी तिथे नव्हते, हे वेळापत्रकावरून सहज कळते.

डिस्चार्ज कार्डावर पॅरासिटामॉल दिवसातून तीनदा, प्रतिजैविक, आम्लपित्ताची गोळी आणि रक्तदाबाची नेहमीची गोळी चालू ठेवण्याची सूचना आहे. परत केव्हा यावे, यासाठी छापील ओळ आहे: ताप, कावीळ किंवा जखमेतून पू आल्यास संपर्क साधावा. या तिन्ही खुणा पित्तगळतीत उशिरा दिसतात किंवा दिसतच नाहीत. त्यातही दिवसातून तीनदा पॅरासिटामॉल घेणाऱ्या माणसाला ताप आला तरच या, असे सांगणे म्हणजे दार लावून घेऊन पाहुण्याची वाट पाहण्यासारखे आहे.

चवथीचे दोन दिवस

गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधताना बाई खुर्चीत बसून कुठे काय लावायचे ते सांगत होत्या. पोटावर उशी दाबून धरलेली, आणि सांगतानाही हात वर उचलत नव्हत्या, असे त्यांच्या जावेने मला सांगितले. दुपारनंतर उचक्या सुरू झाल्या. घरातल्यांनी साखर दिली, पाणी दिले, पाठ चोळली. संध्याकाळी मुलाने इस्पितळात फोन लावला.

"डॉक्टर, आईच्या उचक्या थांबत नाहीत आणि पोट फुगलंय."

"ताप आहे का?"

"नाही."

"उलटी?"

"एकदा. पण ती काही खातच नाही."

"मग गॅस असेल. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर होतो. कोमट पाणी द्या आणि थोडं चालवा."

कॉलच्या यादीप्रमाणे हे बोलणे दोन मिनिटेही चालले नाही. रात्री साडेदहाला दुसरा फोन झाला. तेव्हा पलीकडे वेगळे डॉक्टर होते. संध्याकाळी काय बोलणे झाले, हे त्यांना ठाऊक नव्हते, कारण फोनवर आलेल्या तक्रारीची नोंद करायची वहीच इस्पितळात नव्हती. त्यांनीही तापाचेच विचारले आणि उत्तरही तेच मिळाले.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी न थांबणारी उचकी म्हणजे श्वासपटलाला खालून काहीतरी डिवचते आहे, याची सूचना असू शकते. सगळ्याच उचक्या अशा नसतात, हे खरे. परंतु उजव्या खांद्याची न उतरलेली वेदना, फुगत चाललेले पोट, अन्नावरची उडालेली वासना आणि उचकी या चार गोष्टी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या असत्या, तर पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यानेही श्वासपटलाखाली काय साचले आहे, असे विचारले असते. त्या कुठेच एकत्र लिहिल्या गेल्या नाहीत. खांदा आरएमओंना माहीत होता, हालचाल टाळणे सिस्टरला, उचकी पहिल्या फोनवरच्या डॉक्टरांना आणि न खाणे घरच्यांना.

फुप्फुसाकडे वळलेले निदान

शनिवारी सकाळी बाईंना धाप लागू लागली. गावाजवळच्या डॉक्टरांनी त्यांना तपासले. त्यांनी श्वास मोजला, ही गोष्ट त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवली पाहिजे, कारण इस्पितळाच्या दोन दिवसांच्या कागदांत श्वासाचा रकाना प्रत्येक वेळी २० या एकाच आकड्याने भरलेला आहे, आणि असा न मोजता भरलेला २० आपल्याकडच्या बहुतेक वॉर्डांत सापडतो. गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर श्वास २४, नाडी ९८, ऑक्सिजन ९४ टक्के, रक्तदाब १०८/७०, ताप ९९.७ आणि उजव्या फुप्फुसाच्या तळाशी हवेचा आवाज कमी, असे आहे. त्यांनी न्यूमोनियाची शंका लिहिली, इंजेक्शन दिले आणि इस्पितळात परत जाण्याचा सल्ला दिला. त्या दिवशी घरी दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन होते. बाईंनी ते होईपर्यंत जायचे नाकारले.

रविवारी, पाचव्या दिवशी, त्या पुन्हा त्याच इस्पितळात दाखल झाल्या. छातीच्या एक्स-रेमध्ये उजवे श्वासपटल वर उचललेले आणि फुप्फुसाच्या तळाशी थोडे पाणी दिसले. पांढऱ्या पेशी १५,८००, काविळीत वाढणारे बिलिरुबिन २.३, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.५, तिन्ही वाढलेले. न्यूमोनिया धरून प्रतिजैविक बदलण्यात आले. उजवे श्वासपटल वर का उचलले गेले, याचे उत्तर मात्र न्यूमोनियात मिळत नाही. पोटात श्वासपटलाखाली द्रव साचला की वरच्या बाजूला, फुप्फुसाच्या आवरणातही थोडे पाणी जमते. छातीत दिसणारा दोष कित्येकदा पोटातल्या दोषाची सावली असतो.

बिलिरुबिनचाही अर्थ लावला गेला. मुख्य नलिकेत एखादा खडा राहिला असावा, म्हणून एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करावी, आणि ती सर आल्यावर मंगळवारी ठरवू, असे केसपेपरवर आहे. तर्क चुकीचा नव्हता. पण पोटात साचलेले पित्त आवरणातून रक्तात शोषले गेले तरी बिलिरुबिन असेच, थोडेसे वाढते.

सोनोग्राफीसाठी रविवार असूनही तज्ज्ञांना खास बोलावण्यात आले. त्यांच्या अहवालात पित्ताशयाच्या जागी आणि यकृताभोवती "मध्यम प्रमाणात द्रव, शस्त्रक्रियेनंतरचा असू शकतो, लक्षणांशी ताडून पाहावे" असे आहे. या अहवालाची मागणी करणारी चिठ्ठीही फायलीत आहे आणि तिच्यावर फक्त "पित्ताशय काढलेले, पोटदुखी" असे लिहिले आहे. पित्तगळती आहे का, हा प्रश्न चिठ्ठीत नव्हता; पाचवा दिवस आहे, श्वास वाढला आहे, रुग्ण खात नाही, हेही नव्हते. शस्त्रक्रियेनंतर थोडा द्रव दिसणे साहजिक असते, म्हणून सोनोग्राफी करणाऱ्याने सावधपणे दोन्ही दारे उघडी ठेवली. लक्षणांशी ताडून पाहण्याचे काम ज्यांचे होते त्यांनी अहवालातले "असू शकतो" हे शब्द "आहे" असे वाचले.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातली सर्वांत सोपी संधी इथे गेली. सोनोग्राफीच्या खोलीत, त्याच टेबलावर, बारीक सुई घालून त्या द्रवाचे काही थेंब ओढून पाहता आले असते. सिरिंजमध्ये हिरवट पिवळा द्रव आला असता तर ना सीटी स्कॅनची वाट पाहावी लागली असती, ना मंगळवारची.

सहावी रात्र

सोमवारी रात्री वॉर्डवर बुधवारची तीच सिस्टर होती. साडेअकराला तिने नोंदवले आहे: नाडी ११२, रक्तदाब ९२/६०, श्वास २८, ऑक्सिजन ९१, अंग थंड, ताप ९६.४, "पेशंट मला ओळखत नाही, काकी म्हणून हाक मारली तर उलट घरच्या गायीचे विचारते." आरएमओंनी सलाइन वाढवण्यास सांगितले. वीस मिनिटांनी तिने पुन्हा बोलावले आणि त्यानंतर, इस्पितळाच्या रीतीप्रमाणे जे तिचे काम नव्हते ते केले: सर्जनांना त्यांच्या गावी थेट फोन लावला. आकडे ऐकताच सर्जनांनी दुसरे काही न विचारता बांबोळीला हलवायला सांगितले आणि तिथल्या शल्यविभागात स्वतः फोन करून पूर्वसूचना दिली. हा फोन चार दिवस आधी कोणीही केला असता, तर याच माणसाने हाच वेग दाखवला असता, असे मला वाटते.

गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पहाटे सीटी स्कॅन झाला, दुर्बिणीतूनच पोट धुण्यात आले आणि निचऱ्याच्या नळ्या ठेवण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेऊन, पित्तनलिकेच्या मुखाला छोटा छेद देऊन प्लास्टिकचा स्टेंट बसवण्यात आला. गळती पित्ताशयाच्या नळीच्या टोकातूनच होती, मुख्य नलिका शाबूत होती. मुखाशी अडथळा कमी झाला की पित्त सरळ आतड्यात उतरते आणि गळतीच्या छिद्रावर दाब राहत नाही, त्यामुळे ते आपोआप भरून येते. बाई दोन दिवस व्हेंटिलेटरवर आणि पाच दिवस अतिदक्षता विभागात होत्या, मूत्रपिंडे हळूहळू पूर्ववत झाली आणि १९ व्या दिवशी त्या घरी गेल्या. सहा आठवड्यांनी स्टेंट काढला. बागेत उतरून काम करण्याइतकी ताकद यायला पाच महिने लागले.

गुरुवारी किंवा शुक्रवारी निदान झाले असते तर उपचार बहुतांशी हेच झाले असते: निचऱ्याची एक नळी आणि एक स्टेंट. व्हेंटिलेटर, अतिदक्षता विभाग आणि पाच महिने हे उशिराचे मोल आहे, गळतीचे नव्हे.

कधी कळले असते

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एका दिवसात बसत नाही. यकृत दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते आणि त्यातले किती पोटात गळत होते, ते रोज सारखे नसणार. बुधवारी, पहिल्या दिवशी, कोणालाही निश्चित निदान करता आले नसते. गुरुवारी सकाळी शंका घेता आली असती. शुक्रवारी संध्याकाळी ती घ्यायलाच हवी होती. शनिवारी सकाळपासून पुढे उशीर समर्थनीय नाही.

गुरुवारच्या शंकेबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण इथे प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली न्यूज ही धोकासूचक गुणपद्धती आता अनेक ठिकाणी वापरली जाते. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण देऊन त्यांची बेरीज पाच किंवा त्याहून जास्त झाली की डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहावे, सात झाली की आणीबाणी समजावी, असा तिचा साधारण नियम आहे. गुरुवारी सकाळचे आकडे तिच्यात घातले तर बेरीज येते फक्त एक, तीही ९४ नाडीमुळे. म्हणजे ही पद्धती त्या इस्पितळात असती तरी तिने गुरुवारी घंटा वाजवली नसती. शनिवारी गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची बेरीज मात्र बरोबर पाच होते, आणि सोमवारी रात्रीची चौदा.

असे का, तर गुणपद्धतीला ही नाडी कोणाची आहे, हे माहीत नसते. अ‍ॅटेनोलॉल हृदयाचा वेग वाढू देत नाही. ज्या बाईंची नाडी गोळीवर ६२ असते, त्यांच्या बाबतीत ९४ हा दीडपट वाढलेला वेग आहे, आणि गोळी चालू असताना इतका वाढलेला आहे. गोळी नसती तर तोच आकडा कदाचित ११५-१२० दिसला असता आणि कोणीही त्यांना घरी पाठवले नसते. शस्त्रक्रियेनंतर वाढलेली नाडी ही पोटातल्या गळतीची सर्वांत लवकर दिसणारी आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाणारी खूण आहे. इथे तिच्यावर गोळीने आणि तापावर पॅरासिटामॉलने पांघरूण घातले होते. ही दोन्ही औषधे योग्य होती. ती चालू असताना आकडे कसे वाचायचे, एवढेच राहिले.

गुरुवारी आकड्यांपेक्षा सोपी कसोटीही हाताशी होती. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने रोज काल होता त्यापेक्षा बरे दिसले पाहिजे: उठून बसणे, शौचालयापर्यंत चालणे, पेज पूर्ण घेणे, खांद्याची कळ ओसरणे. या साध्या उताराची रेघ सर्जनांच्या मनात इतकी ठळक असते की तिच्याबाहेर गेलेला रुग्ण त्यांना दुरूनही खटकतो. परंतु सर्जन तिथे नव्हते, आणि ज्यांच्या हाती रुग्ण होता त्यांच्याकडे ही रेघ कोणी लिहून दिली नव्हती. त्यामुळे प्रत्येकाने आपल्यापुढे आलेल्या एकेका लक्षणाला स्वतंत्र, पटण्याजोगे कारण दिले: खांद्याला वायू, पोटाला गॅस, धापेला न्यूमोनिया, बिलिरुबिनला राहिलेला खडा. एकेकटी घेतली तर यातली तीन कारणे तरी कोणत्याही अनुभवी डॉक्टरने दिली असती. शस्त्रक्रिया झालेल्या माणसात चार दिवसांत चार नवे, एकमेकांशी संबंध नसलेले आजार उद्भवणे फारच दुर्मीळ. एकच गुंतागुंत चार तोंडांनी बोलणे नेहमीचे.

गुंतागुंत वेळेवर ओळखण्याच्या या दुव्याचा अभ्यास इतरत्र झाला आहे. अमेरिकेतील इस्पितळांच्या एका मोठ्या अभ्यासात, जो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, असे आढळले की कमी मृत्युदर असलेल्या आणि जास्त मृत्युदर असलेल्या इस्पितळांत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच होते. फरक होता तो गुंतागुंत झाल्यावर रुग्ण दगावण्यात: एकीकडे १२.५ टक्के, दुसरीकडे २१.४ टक्के. गुंतागुंत कोणालाही पूर्ण टाळता येत नाही. ती किती लवकर ओळखली आणि पुढे काय केले, यावर इस्पितळाची परीक्षा होते. आपल्याकडे रुग्णाचे नातेवाईक सर्जनची ख्याती विचारतात. सर्जन नसताना रात्री कोण असते आणि त्याला कोणाला उठवण्याची मुभा आहे, हे विचारणारे मी क्वचितच पाहिले.

कागद आणि कायदा

कुटुंबाने तक्रार करावी की नाही, यावर घरात दोन मते होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या व्ही. पी. शांता प्रकरणात सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, आणि २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात केवळ वाईट परिणाम किंवा निर्णयातील चूक म्हणजे हलगर्जी नव्हे, हे स्पष्ट केले. त्या कसोटीवर क्लिप सुटणे हा दोष ठरणे कठीण. संमतीपत्रात त्याचा उल्लेख होताच, भले तो इंग्रजीत छापलेला होता. दोन फोनची नोंद नसणे आणि रविवारचा अहवाल मंगळवारपर्यंत ठेवणे यांचा विचार ग्राहक आयोगाने वेगळा केला असता. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. वडील म्हणाले, बाई घरी आली, आता कोर्टाच्या पायऱ्या नकोत. मुलाने त्याऐवजी केसपेपरच्या प्रतींची मागणी केली. मागितल्यापासून ७२ तासांत त्या द्यायच्या असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे आणि इस्पितळाने त्या मुदतीत दिल्या. मग त्याने घटनाक्रम लिहून व्यवस्थापनाला पत्र पाठवले.

इस्पितळाचे उत्तर

उत्तर दोन महिन्यांनी आले आणि ते अपेक्षेपेक्षा बरे होते. डिस्चार्ज कार्ड बदलले आहे: वाढणारी पोटदुखी किंवा खांदेदुखी, पोट फुगणे, न थांबणारी उचकी, धाप आणि दुसऱ्या दिवसानंतरही खाता न येणे, या खुणा आता मराठी आणि कोंकणीत छापलेल्या आहेत, आणि ताप नसला तरी या, असे खाली वेगळ्या ओळीत आहे. घरी गेलेल्या रुग्णांच्या फोनसाठी वही ठेवली आहे आणि एकाच रुग्णाचा दुसरा फोन आला तर त्याला तपासायला बोलावायचेच, असा नियम केला आहे. परिचारिकांची वही सकाळच्या फेरीत डॉक्टरांबरोबर फिरते. शस्त्रक्रियेपूर्वीची नाडी आता रोजच्या तक्त्याच्या पहिल्या रकान्यात लिहिली जाते.

पत्रात मुलाने विचारलेल्या एका गोष्टीला उत्तर नाही. सर्जन गावाला गेले असतील आणि आरएमओंना काळजी वाटत नसेल, पण वॉर्डवरच्या सिस्टरला वाटत असेल, तर तिने सर्जनांना थेट फोन करावा की नाही, हे त्याने विचारले होते. त्याने स्मरणपत्र पाठवले आहे.